बँकेचं भांडवल 'बाजूला ठेवतात' म्हणजे नक्की कुठे ठेवतात?

खतावणी (धागाकर्ता)

'बँकांना आता जास्त भांडवल बाजूला ठेवावं लागणार' हे वाक्य बातम्यांत नेहमी येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, एक वेगळी तिजोरी असेल, नियामक तिला कुलूप लावत असेल. तसं काही नसतं. भांडवल ताळेबंदाच्या देणी बाजूला असतं, आणि त्या बाजूला काहीही 'ठेवलेलं' नसतं. ती बाजू फक्त सांगते की पैसा कोणाकडून आला.

चर्चेला सगळ्यांसमोर एकच उदाहरण असावं म्हणून एक छोटी बँक धरू. आकडे कुठल्याही चलनात, कितीही शून्यं लावून वाचा.

मत्ता: रोकड आणि मध्यवर्ती बँकेतली शिल्लक ८, सरकारी रोखे १२, घरकर्जं ४०, उद्योगांना कर्जं ३०, किरकोळ कर्जं १०. एकूण १००.

देणी: ठेवी ८४, बाजारात विकलेले लांब मुदतीचे कर्जरोखे १०, भागभांडवल आणि साठलेला नफा ६. एकूण १००.

ते शेवटचं ६ म्हणजे भांडवल. ते कुठे आहे? थोडं कर्जांत, थोडं रोख्यांत, थोडं रोकडीत. कुठलं कशात हे वेगळं काढताच येत नाही. त्याचं काम एकच: कर्ज बुडालं की आधी हा आकडा कमी होतो, ठेवीदाराचा ८४ तसाच राहतो.

रोकड ८ हा निराळा विषय. तिचं काम म्हणजे आज काउंटरवर आलेल्याला आज पैसे देणं. भरपूर भांडवल असलेली बँक रोकड संपून बंद पडू शकते, आणि रोकडीने भरलेली बँक आतून दिवाळखोर असू शकते. दुखणी दोन, म्हणून नियमांचे गठ्ठेही दोन. बातम्या ते एकत्र करतात, म्हणून हा धागा.

---

कोरापाट

मग 'बँक ठेवी गोळा करते, थोडी रोख राखून ठेवते आणि उरलेल्याचं कर्ज देते' हे शाळेत शिकवतात ते बरोबर ना? शंभराची ठेव आली, दहा राखले, नव्वद दिले, ते फिरून परत ठेव म्हणून आले, त्यातले एक्क्याऐंशी दिले...

---

जमानावे

गणित बरोबर, क्रम उलटा. प्रत्यक्षात कर्ज मंजूर झालं की नोंद अशी पडते: कर्ज खातं नावे ५, त्याच ग्राहकाचं ठेव खातं जमा ५. कोणाची ठेव उचलून दिली नाही. ताळेबंद दोन्ही बाजूंनी ५ ने फुगला आणि नवी ठेव तिथल्या तिथे जन्माला आली. बँक ऑफ इंग्लंडने २०१४ साली आपल्या तिमाही पत्रिकेत हे स्वच्छ लिहिलं आहे.

रोकडीचा प्रश्न पुढच्या पायरीवर येतो. कर्जदार ते ५ दुसऱ्या बँकेत खातं असलेल्या विक्रेत्याला देतो. आता मध्यवर्ती बँकेच्या वहीत आपल्या बँकेच्या खात्यातून ५ जातात. शिल्लक ८ ची ३ उरते. म्हणून बँकेला ठेवी लागतातच, पण कर्ज देण्याआधी नव्हे. दिलेल्या कर्जाचा पैसा बाहेर गेल्यावर ते भोक बुजवायला.

आणि ते 'दहा टक्के राखीव' प्रकरण अनेक देशांत उरलेलंच नाही. अमेरिकेत २६ मार्च २०२० पासून सक्तीची रोख राखीव शून्य टक्के आहे. शाळेतल्या गणिताप्रमाणे तिथे कर्जवाटप अनंत व्हायला हवं होतं. झालं नाही, कारण लगाम दुसरीकडे आहे.

---

टाचणी

म्हणजे बँका हवेतून पैसा काढतात हे ठरलं. :)

---

जमानावे

काढतात, आणि कर्जफेड झाली की तो हवेत परतही जातो: ठेव खातं नावे, कर्ज खातं जमा. ही निम्मी गोष्ट लोक सांगत नाहीत. शिवाय काढलेल्या प्रत्येक कर्जामागे भांडवल लागतं, आणि भांडवल हवेतून निघत नाही. ते भागधारकाच्या खिशातून येतं किंवा न वाटलेल्या नफ्यातून. लगाम तो.

---

भारांक

लगामाचं गणित धाग्यातल्याच बँकेवर करून टाकतो.

नियामक १०० च्या मत्तेला १०० मानत नाही. प्रत्येक प्रकाराला जोखीम भार असतो. १९८८ च्या पहिल्या बेसल करारात (बँकांच्या भांडवलाची आंतरराष्ट्रीय मानकं) हे फार ढोबळ होतं: सरकार ०, बँका २०, घरकर्ज ५०, उद्योग १०० टक्के. उत्तम कंपनी आणि बुडीत चालणारी कंपनी दोघींना १००, मग बँका साहजिकच जास्त व्याज देणाऱ्या दुसरीकडे वळायच्या. २००४ च्या दुसऱ्या करारात पतमानांकन आलं. २०१७ च्या अखेरीस ठरलेल्या प्रमाणित पद्धतीत घरकर्जाचा भार कर्ज आणि घराची किंमत यांच्या गुणोत्तरावर ठरतो: ५० टक्क्यांपर्यंत २०, ६० ते ८० मध्ये ३०, आणि १०० च्या वर ७०.

रोकड ८ × ० = ०
स्वतःच्या चलनातले सरकारी रोखे १२ × ० = ०
घरकर्जं (गुणोत्तर ६० ते ८०) ४० × ३०% = १२
मानांकन नसलेल्या उद्योगांची कर्जं ३० × १००% = ३०
किरकोळ कर्जं १० × ७५% = ७.५

बेरीज ४९.५. थांबा, ताळेबंदाबाहेरचं राहिलं. समजा बँकेने एका उद्योगाच्या कर्जाला ५ ची आर्थिक हमी दिली आहे. हमी ताळेबंदात दिसत नाही, पण ती वटली तर पैसा बँकेचाच जाणार, म्हणून ती आधी १०० टक्के परिवर्तन गुणकाने मत्तेसारखी मोजतात, मग तिला १०० चा भार. आणखी ५. (काम पूर्ण करण्याच्या हमीला गुणक ५०, माल तारण असलेल्या अल्पमुदतीच्या व्यापारी पतपत्राला २०. सगळ्या हमींना १०० लावून स्वतःचंच गुणोत्तर उगीच खाली दाखवणं ही नवख्यांची ठरलेली चूक.)

जोखीमभारित मत्ता ५४.५. भांडवल ६. गुणोत्तर ११ टक्के. खऱ्या बँकेत यावर व्यवहार-चुका, फसवणूक वगैरेंचा आणि बाजारभावाचा भार चढतो, इथे सोपेपणासाठी सोडला.

तिसऱ्या बेसल कराराच्या किमान अटी: शुद्ध भागभांडवल ४.५, पहिल्या स्तराचं (त्यात तोटा झेलणारे काही रोखेही धरतात) एकूण ६, सर्व मिळून ८ टक्के. वर २.५ टक्क्यांचा संरक्षक थर, तोही शुद्ध भागभांडवलाचाच. म्हणजे व्यवहारात १०.५ लागतात. आपली बँक ११ वर आहे, जेमतेम.

---

कोरापाट

सरकारी रोख्यांना भार शून्य, मग बँकेने नुसते रोखेच घेत सुटावं की! भांडवल लागणारच नाही.

---

भारांक

हीच पळवाट बुजवायला लिव्हरेज गुणोत्तर आलं. त्यात भार नाहीतच: पहिल्या स्तराचं भांडवल भागिले सगळी मत्ता अधिक ताळेबंदाबाहेरचं, किमान ३ टक्के. आपल्याकडे ६ / १०५ = ५.७. भारित आणि अभारित ही दोन गुणोत्तरं एकमेकांवर पहारा देतात. भारित चांगलं आणि अभारित वाईट असेल तर बँकेची मत्ता 'कमी जोखमीच्या' कप्प्यात खच्चून भरलेली आहे, आणि तो कप्पा खरंच तसा आहे का हे विचारायची वेळ आली समजा.

---

कोरापाट

आणि कर्ज बुडालं तर? ११ टक्के म्हणजे बरंच बुडेपर्यंत काही होत नाही असं वाटतं.

---

भारांक

करून बघू. उद्योगांच्या ३० पैकी ३ थकले, त्यातले निम्मेच वसूल होतील असं धरलं. तोटा १.५. भांडवल ६ वरून ४.५. जोखीमभारित मत्ता ५४.५ ची ५३ झाली. गुणोत्तर ८.४९ टक्के.

किमान ८ च्या वर आहे, म्हणून परवाना शाबूत. पण या बँकेचं सगळं भांडवल शुद्ध भागभांडवलच आहे, म्हणजे आधी त्यातून ८ ची अट भागवायची आणि उरेल तो संरक्षक थर. उरले ०.४९. थर २.५ चा हवा, त्याचे चार समान टप्पे पाडलेले आहेत, आणि ०.४९ हा सर्वांत खालच्या टप्प्यात (०.६२५ पर्यंत) येतो. त्या टप्प्यात नफ्याचा १०० टक्के भाग राखून ठेवावा लागतो. लाभांश बंद, समभागांची फेरखरेदी बंद, अधिकाऱ्यांचे ऐच्छिक बोनस बंद. वरच्या टप्प्यांत अनुक्रमे ८०, ६० आणि ४० टक्के.

एकूण मत्तेच्या दीड टक्का तोट्यात हे झालं. कर्जं देणं थांबवायला कोणी सांगितलेलं नाही, पण नवं उद्योगकर्ज १ चं दिलं की गुणोत्तर आणखी घसरतं, त्यामुळे शाखेत अर्ज पडून राहतात. 'बँका कर्ज का देत नाहीत, ठेवी तर ओसंडून वाहतायत' याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं.

---

थकबाकी

वरचा १.५ चा तोटा हिशेबात *कधी* येतो, खरी मारामारी तिथे असते.

सर्वसाधारण कसोटी ९० दिवस. हप्ता वा व्याज ९० दिवसांहून जास्त थकलं, किंवा कर्जदार फेडू शकणार नाही हे आधीच दिसलं, की खातं बुडीताकडे गेलेलं धरायचं. दुसरी अट लोक विसरतात. कारखाना बंद पडलेला दिसत असताना ९० दिवस मोजत बसायचं नसतं.

जुनी पद्धत अशी होती की तोटा घडल्याचा पुरावा मिळाला की मग तरतूद. २००८ च्या संकटात ती फार उशिरा जागी झाली. १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या आयएफआरएस ९ या हिशेब-मानकात अपेक्षित तोटा धरतात, तीन पायऱ्यांत. धडधाकट कर्जावर पुढच्या १२ महिन्यांचा. जोखीम लक्षणीय वाढली की कर्जाच्या उरलेल्या संपूर्ण मुदतीचा, आणि ३० दिवस थकलं की जोखीम वाढली असंच गृहीत, नाही म्हणायचं तर बँकेने सिद्ध करावं. तिसऱ्या पायरीवर खातं बिघडलेलंच असतं. मुदत तीच, पण व्याजाचं उत्पन्न मूळ रकमेवर न धरता तरतूद वजा करून उरलेल्या रकमेवर धरायचं.

सूत्र: थकण्याची शक्यता × थकल्यावर न मिळणारा भाग × थकतानाची बाकी. ३० च्या कर्जांवर २% × ४०% × ३० = ०.२४. पहिल्या पायरीवर एवढी तरतूद. दुसऱ्या पायरीला ढकललं आणि पूर्ण मुदतीची शक्यता ९ टक्के निघाली तर १.०८. एकही हप्ता बुडालेला नसताना नफ्यातून ०.८४ गेले. म्हणून पायरी बदलण्यावरून बँक आणि हिशेबतपासनीस यांच्यात एवढी ओढाताण चालते.

आणि मग पळवाटा. सर्वांत जुनी म्हणजे नवं कर्ज देऊन त्यातूनच जुन्याचा हप्ता भरून घेणं. खातं कागदावर हिरवंगार राहतं, बाकी दर तिमाहीला वाढत जाते. ओळखायचं कसं: तिमाही संपायच्या आठवड्यात खात्यात मोठी जमा, पुढच्या आठवड्यात जवळजवळ तेवढीच उचल. मुद्दलात घट नाही. संबंधित कंपन्यांच्या खात्यांतून पैसा गोल फिरतो. तपासणीत व्याजाची रक्कम नेमकी *कुठून* आली हे एक पाऊल मागे जाऊन पाहिलं तरी पुष्कळ उघडं पडतं.

---

टाचणी

एक बारीक दुरुस्ती. धाग्यात 'बेसलचे नियम' असं सहज म्हटलं जातंय. बेसल समितीला कायद्याचा अधिकार काडीचा नाही. ती मानकं ठरवते, प्रत्येक देश आपापल्या कायद्यात आणतो, काही जण कडक करून, काही उशिरा.

समिती जन्मली तीही एका बंद पडलेल्या बँकेमुळे. २६ जून १९७४ ला जर्मन नियामकांनी हेरस्टाट बँक बंद केली, ती तिथल्या दिवसाच्या अखेरीला. समोरच्यांनी मार्क देऊन झाले होते आणि न्यूयॉर्कमध्ये डॉलर मिळायचे बाकी होते. ते मिळालेच नाहीत. त्याच वर्षाअखेर दहा देशांच्या गटातल्या मध्यवर्ती बँकांच्या गव्हर्नरांनी समिती नेमली. घड्याळातल्या त्या फटीला आजही हेरस्टाट जोखीम म्हणतात, आणि तिच्यावरचा उतारा, म्हणजे दोन्ही चलनं एकदम हस्तांतरित करणारी सीएलएस ही यंत्रणा, २००२ साली सुरू झाली. २८ वर्षं लागली!

---

रोखवही

आता दुसरं दुखणं. भांडवलावर इतकं बोलून झाल्यावर रोखतेला दोन ओळी मिळतात नेहमी, म्हणून जरा सविस्तर.

एलसीआर (रोखता संरक्षण गुणोत्तर) म्हणजे: ३० दिवस जोराचा ताण आला तर निव्वळ जेवढा पैसा बाहेर जाईल, तेवढी चटकन विकता येणारी उत्तम मत्ता हातात हवी. गुणोत्तर किमान १०० टक्के. गंमत आहे ती 'किती बाहेर जाईल' याच्या गृहीतकांत. सगळे ठेवीदार एका वेगाने पळत नाहीत.

आपल्या ८४ च्या ठेवी अशा फोडू:
ठेव विम्याखालच्या स्थिर किरकोळ ठेवी ५० × ५% = २.५
कमी स्थिर किरकोळ १४ × १०% = १.४
कंपन्यांचा शिलकी पैसा १५ × ४०% = ६
इतर वित्तसंस्थांचा ५ × १००% = ५

जावक १४.९. लांब मुदतीचे १० चे कर्जरोखे ३० दिवसांत येत नाहीत, सोडा. आवक: सामान्य कर्जदारांकडून महिन्यात ४ चे हप्ते येणं आहे, त्यातला निम्माच धरायचा, २. (आवक कितीही असो, जावकीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच वजा होते. नाहीतर बँक 'येतीलच पैसे' म्हणत शून्य साठ्यावर बसेल.) निव्वळ १२.९.

साठा: रोकड ८, पण त्यातले २ सक्तीच्या राखीव खात्यात अडकलेत आणि ताणाच्या काळात काढता येत नाहीत असं धरू, तर ते मोजायचे नाहीत. उरले ६, अधिक रोखे १२. एकूण १८. कोणाकडे गहाण असलेले रोखेही मोजायचे नसतात. ही चूक खऱ्या अहवालांतही होते.

१८ / १२.९ = १४० टक्के. छान.

आता स्थिर किरकोळ ठेवींतले १० गेले आणि जागी एका वित्तसंस्थेकडून १० घेतले. ताळेबंदाची बेरीज तीच, ठेवींचा आकडा तोच ८४. जावक १४.९ - ०.५ + १० = २४.४, निव्वळ २२.४, गुणोत्तर ८० टक्के. बँक एका ओळीच्या बदलाने नियमाबाहेर गेली.

नॉर्दर्न रॉक या ब्रिटिश बँकेचं २००७ मध्ये हेच दुखणं होतं. बाजारातून उचललेल्या पैशावर घरकर्जं, बाजार आटला, १४ सप्टेंबरला शाखांबाहेर रांगा. या दुखण्याच्या लांब मुदतीच्या रूपासाठी एनएसएफआर (निव्वळ स्थिर निधी गुणोत्तर) आहे, त्यात एका वर्षाचा स्थिर निधी मोजतात. पद्धत सारखीच, फक्त मुदत मोठी.

---

तिसरीघंटा

रोखवही, १४० टक्के छान म्हणालात, पण त्या १८ पैकी १२ रोखे आहेत आणि त्यांचा भाव कोणी विचारला नाही.

समजा त्यांचा ड्युरेशन ६ वर्षं, म्हणजे व्याजदर १ टक्का वाढला की भाव साधारण ६ टक्के उतरतो. दर ३ टक्क्यांनी वाढले. उतार १८ टक्के, म्हणजे २.१६. एलसीआरमध्ये रोखे बाजारभावाने मोजतात, म्हणून साठा १५.८४ आणि गुणोत्तर १२३, तिथे अजून ठीक. पण भांडवल? बँकेने ते 'मुदतीपर्यंत ठेवणार' या कप्प्यात टाकले असतील तर हिशेबात ते मूळ १२ च दिसतात आणि भांडवल ६ च. खरं पाहिलं तर ३.८४. पतजोखीम शून्य आहे म्हणून भारही शून्य. व्याजदराची जोखीम त्या भारात धरलेलीच नाही.

ठेवीदार थांबले तर कागदावरचा तोटा मुदत भरताना आपोआप विरतो. पळाले तर रोखे विकावे लागतात आणि तोटा खरा होतो. इथे दोन दुखणी एकमेकांत मिसळतात. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेत २०२२ अखेर त्या कप्प्यातला न दाखवलेला तोटा सुमारे १५ अब्ज डॉलर होता आणि भागभांडवल सुमारे १६ अब्ज. ९ मार्च २०२३ या एका दिवसात ४२ अब्ज डॉलर बाहेर गेले, १० तारखेला बँक बंद. ९० टक्क्यांहून जास्त ठेवी विम्याच्या मर्यादेबाहेरच्या. शिवाय २०१९ च्या शिथिलीकरणानंतर तिला एलसीआर लागूच नव्हता.

बेसलमध्ये यासाठी कसोटी आहे: व्याजदराचे ठरलेले धक्के लावून बँकेचं आर्थिक मूल्य किती घटतं बघायचं, पहिल्या स्तराच्या भांडवलाच्या १५ टक्क्यांहून जास्त घटलं तर बँक 'अपवादी' धरायची. पण ती पर्यवेक्षकाच्या अखत्यारीतली आहे, किमान भांडवलात आपोआप मिसळत नाही. माझ्या मते संपूर्ण रचनेतली सर्वांत मोठी ढिलाई हीच.

---

रोखवही

मान्य. आणि ३० दिवसांत १० टक्के जाणार हे गृहीतक मोबाइलवरून पैसे हलवायच्या काळात किती टिकतं, हाही प्रश्न आहेच.

---

कोरापाट

बुडालीच तर पैसे कोणत्या क्रमाने जातात? ठेवीदार शेवटी, एवढं कळलं.

---

जमानावे

तोटा वर चढत जातो: आधी समभाग, मग एटी१ नावाचे कर्जरोखे (पहिल्या स्तरात मोजले जाणारे, बँक अडचणीत आली की शून्य करता येणारे), मग दुसऱ्या स्तराचे दुय्यम रोखे, मग साधे रोखे आणि मोठ्या ठेवी, विम्याखालच्या ठेवी सर्वांत वर. प्रत्येक देशात मधल्या पायऱ्या थोड्या वेगळ्या.

क्रम कागदावर इतका सरळ असूनही मार्च २०२३ मध्ये क्रेडिट स्विस ही स्वित्झर्लंडची बँक दुसऱ्या बँकेला विकली गेली तेव्हा सुमारे १६ अब्ज फ्रँकचे एटी१ रोखे शून्य केले गेले आणि भागधारकांना मात्र खरेदीदाराकडून ३ अब्ज फ्रँकच्या मोलाचे समभाग मिळाले. रोखेधारक कोर्टात गेले. अशा रोख्यांत पैसे घालताना व्याजदराच्या आधी शून्य होण्याच्या अटीचं कलम वाचायचं असतं.

विमा मर्यादा ठेवीदारागणिक, बँकेगणिक असते, खात्यागणिक नाही. एकाच बँकेच्या चार शाखांत चार खाती उघडून मर्यादा चौपट होत नाही. अमेरिकेत ती अडीच लाख डॉलर, युरोपीय संघात एक लाख युरो.

---

कोरापाट

शेवटचं. हे सगळं बाहेरच्या माणसाला कुठे बघायला मिळतं?

---

खतावणी

बेसलच्या तिसऱ्या स्तंभाखाली (म्हणजे जाहीर माहिती देण्याच्या नियमांखाली) बँका जो खुलासा प्रसिद्ध करतात त्यात. पहिलाच तक्ता मुख्य निर्देशकांचा, केएम१: भांडवल, जोखीमभारित मत्ता, लिव्हरेज, एलसीआर, एनएसएफआर, सलग पाच तिमाह्या शेजारी शेजारी. एका तिमाहीचा आकडा पाहू नका, पाचही पाहा. भांडवलाचं गुणोत्तर वाढलंय तर भांडवल वाढलं की जोखीमभारित मत्ता घटली ते आधी बघा. कर्जं तेवढीच असून भारित मत्ता घटली असेल तर भार मोजायची पद्धत बदललेली असते. कारण पुढच्या पानांवर सापडतं.

मग वार्षिक अहवालातली गुंतवणुकीची टीप. 'मुदतीपर्यंत ठेवणार' कप्प्याचा हिशेबी आकडा आणि शेजारी बाजारमूल्य, दोन्ही द्यावे लागतात. वजाबाकी करायची आणि तो आकडा भांडवलाशेजारी ठेवायचा. तिसरीघंटांच्या उदाहरणात २.१६ आणि ६. खरी बँक घेऊन ही वजाबाकी कोणी केली तर इथे लिहा, पण ठेवींपैकी विम्याबाहेरच्या किती तेही सोबत द्या, त्याशिवाय तो आकडा वाचता येत नाही.